हळदीआधीचा पेपर

सासवांची गाऱ्हाणी मला नका सांगू गं. छप्पन साली माझी हळद आणि बी.ए.चा शेवटचा पेपर एकाच सकाळी आले. उत्तरपत्रिकेवर ओळखीची कसलीही खूण दिसली तर पेपर रद्द व्हायचा, आणि हळदीचे हात तर डाग पाडणारच! मी घाबरत घाबरत होणाऱ्या सासूबाईंना तसा निरोप धाडला. त्या सकाळी नवऱ्या मुलाकडून यायची ती उष्टी हळद आलीच नाही.

"लग्न मोडलंस गं!" म्हणत आई रडायला लागली.

मी तशीच अंधेरीला पेपरला गेले. सुटले, तर कॉलेजच्या फाटकात सासूबाई उभ्या, हातात हळदीची वाटी. मी गाल पुढे केला.

"थांब," त्या म्हणाल्या, "आधी सांग, पेपर कसा गेला?"