सात आठे

नाही नाही, तुम्ही बसा, तुमचा काही त्रास नाही — एवढे सातचे पाढे झाले की बाबांना चहा द्यायचाय, तुम्हालाही टाकते. आधी चहा दिला की मग पाढे म्हणत नाहीत, लबाड झालेत. हो, सातचेच. पाच महिने झाले अर्धांगाचा झटका येऊन, तेव्हापासून पहिलीतल्या पोरासारखं सगळं नव्यानं चाललंय. दोनचे आले, तीनचे आले, पाचचे तर आपोआप आले, पाचचे काय, गाढवालाही येतील — हे त्यांचंच वाक्य बरं का, वर्गात म्हणायचे, आठवतं ना तुम्हाला? तुम्हाला न आठवून कसं चालेल, तुम्ही त्यांचे लाडके. बाबा, कोण आलंय बघा. तुमचा विद्यार्थी. सफरचंदं आणलीत. — ओळखलं हो, ओळखतात सगळ्यांना, फक्त शब्द फुटायला वेळ लागतो. डोकं शाबूत आहे. म्हणजे, तसं बऱ्यापैकी.

स्पीच थेरपीच्या बाईंनीच सांगितलं, पाढे म्हणून घ्या, जुनं पाठांतर असतं, त्याला धरून बोलणं परत येतं. दिवसाला दहा मिनिटं पुरे, असं म्हणाल्या होत्या. मी दोन तास घेते. दहा मिनिटांत काय होतंय — यांनी कधी कुणाला दहा मिनिटांत सोडलं होतं का? आणि गुरुवार महत्त्वाचा आहे ना. गुरुवारी त्या बाई तपासायला येतात, त्यांनी बरं आहे म्हटलं की माझा भाऊ यांना त्याच्याकडे नेणार. दादाची अट आहे तशी. त्याचं घर तळमजल्यावर आहे, पुढे अंगण आहे, दोन नाती आहेत. इथे चौथा मजला आणि मी. रोज सकाळी डोळे उघडले की विचारतात, दादा? मी म्हणते, पाढे येऊ देत आधी. मग बिचारे लगेच उठून बसतात, उशी पाठीला लावून, हात मांडीवर. बघा ना, आत्ताही कसे बसलेत.

म्हणा बाबा. सात एके — हं. पुढे. — ऐका, कसे छान म्हणतात. एकवीस. अठ्ठावीस. पस्तीसला जरा जीभ अडकते, पण येतं. — सात साती एकोणपन्नास, शाबास. सात आठे? — काय म्हणालात? नक्की?

बघितलंत? गडबडले. आता बघा, चोपन्न म्हणतील. म्हणाले. चूक, बाबा. पहिल्यापासून. नाही, चहा नंतर.

असं का बघताय माझ्याकडे? पद्धत त्यांचीच आहे. उत्तर बरोबर आलं तरी विचारायचं, नक्की? आणि पोरगं डगमगलं, दुसरं काही बोललं, की संपलं. स्वतःवर भरवसा नसेल तर येऊन काय उपयोग, असं म्हणायचे. तुम्ही कधी डगमगला नाहीत. तुमचं कौतुक आम्ही रोज जेवताना ऐकायचो. मी डगमगायचे. जेवताना सात आठे विचारायचे, मला छप्पन्न यायचं हो, झोपेतसुद्धा यायचं, पण त्यांनी नक्की म्हटलं की तोंडाला येईल तो आकडा बाहेर पडायचा. मग ताट आत. दादा खाली मान घालून जेवतोय. आणि एकदा शिकवणीला मला सगळ्यांसमोर स्टुलावर उभं केलं होतं — तुम्ही होतात त्या दिवशी, पुढच्याच रांगेत. नऊ वर्षांची होते मी. तासभर उभी होते. फ्रॉक ओला झाला, स्टुलावरून खाली थेंब पडत होते, आणि हे म्हणाले, पुसून घे आणि पहिल्यापासून म्हण. बाकीचे हसले. तुम्ही नव्हतात हसला, एवढं खरं. वहीकडे बघत होतात.

मी काही हात उगारत नाही त्यांच्यावर. गरम पाण्यानं अंघोळ, वेळेवर गोळ्या, नखं कापते, दाढी करते — विचारा शेजाऱ्यांना. एवढा एकच शब्द बोलते मी. नक्की? बस. आणि त्यांचा चेहरा असा पडतो ना, खरं सांगू, मला बरं वाटतं. वाईट वाटायला हवं, ठाऊक आहे मला. नाही वाटत. दादाकडे गेले तर तिथे नाती लाड करतील, आजोबा आजोबा करत मांडीवर बसतील, आणि हे गोड म्हातारे होऊन जातील. मग माझं काय?

चला बाबा, आलात का तिथवर? सात आठे? — नक्की? —

तुम्ही मध्ये कशाला बोललात? बरोबर आहे सर, म्हणे. विचारलं का कुणी तुम्हाला? तेव्हा वहीत बघत बसलात आणि आज तोंड फुटलं होय? आता मला किती दिवस मागे नेऊन ठेवलंत, कळतंय का तुम्हाला? — थांबा. बाबा तुमच्याकडे बघताहेत. पाणी आलंय डोळ्यांत. बाबा, इकडे बघा, माझ्याकडे. सात आठे किती? नक्की?

नक्की, म्हणाले.

बरं. आलं म्हणायचं तर. पण येऊन करणार काय? गुरुवारी कुणी येणार नाहीये. मी मागच्याच आठवड्यात फोन करून सांगितलं बाईंना, आता सुधारणा होत नाही, उगाच हेलपाटा नको म्हणून. दादालाही तेच कळवलं. तो हो म्हणाला, लगेच म्हणाला, सुटल्यासारखा. — हळू कशाला बोलू? ऐकू येतं त्यांना, कान चांगले आहेत. ऐकलंत ना, बाबा?

उठा तुम्ही. चहा राहू दे. सफरचंदं घेऊन जा, त्यांना चावता येत नाहीत.