लांबत चाललेला दिवस

—छे छे, असं कसं? बिघाड नाही म्हणजे काय? सकाळी कपडे पिळताना एवढं थडथडलं, की बाथरूममधून चालत दारापर्यंत आलं तुमच्या कंपनीचं वॉशिंग मशीन! खालच्या मजल्यावरची बाई भांडायला वर आली— म्हणजे आली नाही, पण आली असती. बसा ना दादा. त्या स्टुलावर नको, डुगडुगतं ते, ह्या खुर्चीवर बसा. जपून हं, गरगर फिरते. आमच्या ह्यांची ती. भूगोलाचे मास्तर होते, अख्खी शाळा फिरवलीय ह्या खुर्चीवर. पोराच्या दोन्ही हातांत पाण्यानं भरलेल्या बाटल्या द्यायच्या, हात पसरायला लावायचे, आणि द्यायचा एक गरका— मग म्हणायचं, आता हात छातीशी घे! घेतले की पोरगं भुंगाट सुटायचं. पसरले की पुन्हा सावकाश. पृथ्वीचंही असंच म्हणे. ध्रुवांवरचं बर्फ वितळलं की पाणी तिच्या कमरेकडं सरकतं, हात पसरल्यासारखं होतं, मग ती मंदावते नि दिवस वाढतो. मोठ्या भूकंपात जमीन आत दबली तर उलटं, दिवस आखडतो. किती? अहो, पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याचाही बारीकसा कण. तुम्हाला नाही कळायचा. मला कळतो.

हसा, हसा. दुपारची भांडी आवरून ह्या खिडकीशी बसून बघा एकदा, म्हणजे कळेल— काटा हलता हलत नाही. आणि बर्फ, भूकंप हे सगळं किरकोळ हो, खरा ब्रेक चंद्राचा. तो समुद्राला ओढतो, पाणी फुगतं, पृथ्वी त्या पाण्याखालून घाईघाईनं फिरते, पाणी तळाशी घासतं— घासून घासून दमते बिचारी. माणूस जन्मालाही आला नव्हता तेव्हा दिवस कितीतरी तोकडा होता. आणि गंमत ऐका, तिच्या घाईनं तो फुगवटा चंद्राच्या जरा पुढं जातो, त्याला पुढं खेचतो, आणि चंद्र दरवर्षी दोन बोटं लांब सरकतो. म्हणजे तीच त्याला दूर लोटते, आणि दिवस कुणाचा वाढतो? तिचाच! हे सांगायचे, मी आपली भाजी चिरत हं हं करायची. लेक नोकरीला परक्या देशात निघाली तेव्हा मीच म्हटलं, जा बाई, आमचं काय अडलंय इथं? आधी रोज फोन यायचा, मग रविवारी, आता— कामं असतात हो तिला. तिचा दिवस तोकडाच असणार.

अहो, मशीनमधून ती रजई कशाला काढताय? हो, एकटीच टाकली होती. ओली झाली की एका बाजूला गोळा होते, मशीन हेलपाटतं— माहितीय मला, मागच्या खेपेला तुम्हीच तर सांगितलंत. मळली होती म्हणून टाकली. कालच धुतलेली असली म्हणून काय झालं, मळते की— म्हणजे... चहा टाकते. नको? घोटभर? बरं.

एक करता का दादा? मी खुर्चीवर बसते, ह्या बाटल्या धरते, तुम्ही नुसता एक गरका द्या. एकटीनं पायानं रेटून बघते मी, पण बाटल्या धरून नाही जमत, कुणीतरी द्यावाच लागतो. ...नाही, नाही, बरोबर आहे तुमचं. पडले-बिडले तर तुमच्या अंगाशी यायचं.

मोबाइलवर काय लिहिताय? ‘पुन्हा येऊन बघावं लागेल’ असं लिहा ना. तेवढं लिहायला काय जातंय? ...‘बिघाड नाही.’ हं. खरं तेच लिहावं माणसानं. बाटल्या राहू द्या तिथंच, भरलेल्याच ठेवते मी. जा तुम्ही, पुढचं गिऱ्हाईक खोळंबलं असेल. दार नुसतं ओढून घ्या, आपोआप बंद होतं.