हाटेल बंद, डबा सुरू

जळगाव जामोदला शिलाई मशीनच्या दुकानातून हात हलवत निघालेलं जोडपं सोनाळ्याच्या एस.टी.त नेमकं तानुबाईंच्या पुढच्या सीटवर बसलं. तानुबाईंनी डोळे मिटले. कान मात्र उघडेच ठेवले.

"महिना झाला, हाटेलातलं जेवण बंद आहे ना तुमचं?"

"हाव. तुह्याच हातचा डबा खातो."

"मंग मशीनचे पैसे काऊन नाही जमले?"

"मलेही समजून नाही राह्यलं."

"डबा खाता कुठी?"

"हाटेलात."

"हाटेलात?"

"मंग का उन्हात बसू? हाटेलवाला अर्जुनभाऊ पंखा लावून देते. त्याच्यासमोर एकट्यानं कसं खावं? अर्धा डबा त्याले देतो."

"त्यात पैसे कुठी गेले?"

"अर्जुनभाऊ डबा धुऊन देते, पण रिकामा देत नाही. कोणाचा डबा रिकामा देऊ नये म्हणते. चार कचोऱ्या टाकते."

"फुकटच ना?"

"धंदा आहे त्याचा. फुकट कशा घेऊ? पैसे देतो."

"घरी तं एकबी कचोरी आली नाही."

"रस्त्यात खातो. अर्धपोटी रायतो ना मी."

"म्हणजे हाटेलात जेवले असते तं सस्तं पडलं असतं?"

"मी बी तोच इचार करून राह्यलो."

तानुबाईंनी एक डोळा उघडला. बाईने मांडीवरचा नवऱ्याचा आजचा डबा उघडून एक कचोरी त्याच्या हातावर ठेवली, एक स्वतः घेतली.

"अन् भाकर कशी लागते म्हणे त्याले?"

"अशी भाकर माही मायच करे, म्हणते."

"उद्या दोन जास्त टाकीन."