घशात हाड नव्हतंच

मुलगी : बाबा, भुंग्याचा जबडा तुम्हीच मोडलात ना? वर्गातल्या मुलींनी पैज लावलीय, मला हे विचारायची हिंमतच होणार नाही म्हणून. घ्या, विचारलं.

बाबा : त्यांना दुसरे उद्योग नाहीत का? दुसऱ्या कुत्र्याशी भांडला तो.

मुलगी : एकटाच होता पिंजऱ्यात. स्वतःशी भांडला?

आई : अहो, सांगून टाका. फरशीवरचं रक्त मीच पुसलंय. भिंतीवरचं अजून निघत नाही.

बाबा : घशात हाड अडकलं होतं त्याच्या. मान ताणून खाकरत होता, फेस काढत होता. लोक विश्वासानं कुत्रं ठेवून परगावी जातात, ते माझ्या दारात मरू देऊ? चिमटा घातला, तर अंगठाच दातांत धरला त्यानं. दुसऱ्या हातात दांडा होता. हाणला.

मुलगी : एकदाच?

बाबा : अंगठा सोडेपर्यंत.

मुलगी : आणि हाड?

आई : नाही निघालं.

मुलगी : असेल तर निघेल ना. मी दवाखान्यातूनच येतेय. तारेनं बांधलंय त्याचं तोंड, मला बघून शेपूट हलवायला गेला आणि कळवळला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घसा साफ आहे, हा साथीचा खोकला. हाड अडकल्यासारखाच वाटतो, भलेभले फसतात. एकाला झाला की शेजारच्या पिंजऱ्यात पोचलाच. पिल्लांच्या छातीत उतरला तर जीवही जातो. लस असते त्यावर, नाकात थेंब सोडले की झालं. मग म्हणाल्या, तुमच्याकडची कुत्री लस घेतलेलीच असतील ना? मी आपली खिडकीबाहेर बघत बसले.

बाबा : लस विचारली की गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीत जातं.

(मागच्या अंगणातून कोरडा, घासल्यासारखा खोकला.)

आई : भुंग्याच्या शेजारच्या पिंजऱ्यातली टिकली. सकाळपासून चाललंय तिचं.

बाबा : हिच्या तरी घशात काहीतरी असणार. चिमटा दे.

मुलगी : आत्ता काय सांगितलं मी? आणि दांडा कशाला?

बाबा : चावली तर? दारातून बाजूला हो.

मुलगी : नाही.

बाबा : हो म्हणतो ना. शेवटचं सांगतोय.

मुलगी : ती पिल्लू आहे, बाबा. नाही होणार.

आई : अहो. अहो, सोडा तो दांडा. मनगट फुटलं तिचं.

बाबा : मी दारावर मारला.

मुलगी : दारात मी होते.

बाबा : बघू. हलतंय का?

मुलगी : हलतंय. भुंग्यापेक्षा स्वस्तात सुटले. आई, रडू नकोस, फडकं ओलं करून दे. आणि दोघंही ऐका. टिकली माझ्या खोलीत झोपणार, बाकीच्यांपासून लांब. डॉक्टरीणबाई संध्याकाळी सगळ्यांना तपासायला येतायत, मी बोलावून आलेय. यापुढे लस न घेतलेलं कुत्रं फाटकातून आत येणार नाही, मग गिऱ्हाईक कुठल्याही गल्लीत जावो.

बाबा : बरं. तसं करू.

मुलगी : अजून आहे. उद्या भुंग्याची मालकीण परत येईल, तेव्हा जबडा कसा मोडला ते मी तिला सांगणार.

बाबा : ती मला सोडणार नाही.

मुलगी : माहितेय. मी तुमच्या शेजारी उभी राहून सांगेन.