स्विचबोर्डाशेजारचा डोंगर

नाही नाही, खरं तर मी हे सांगायचंच नव्हतं… कुणालाच नाही! आईला तसा शब्द दिलाय. पण धुकं हटून डोंगर दिसेपर्यंत करायचं काय म्हणून तुम्हीच सगळे इथे कठड्याशी फोटो दाखवत बसलात ना! मघाशी ज्यांची टोपी लाल वाटली त्या मावशींनी त्यांच्या कुत्र्याच्या आंघोळीचा दाखवला, त्या काकांनी पहिल्या स्कूटरचा दाखवला, फोन आपला या हातातून त्या हातात, आणि मग सगळे माझ्याकडे वळलात, ‘तुझा आवडता कुठला गं?’ वळलात म्हणजे, वळला असाल. मला काही दिसत नाहीये. या धुक्यात माझाच हात मला कोपरापर्यंत दिसतोय, पुढे तो कुणाचा आहे देव जाणे! आणि म्हणूनच तर बोलतेय हो. एरवी मी वर्गात ‘हजर’ म्हणते तर बाई दोनदा मान वर करून बघतात, आली की नाही ही? घरी तर मला घुमीच म्हणतात. पण इथे कसं, समोर तोंडंच नाहीत. नुसतं पांढरं, मऊ मऊ… झोपेत बोलल्यासारखं वाटतंय.

तर हा फोटो. थांबा, पिशवीतून काढते. फोनमध्ये नाहीये, चांगला चौकटीतला आहे, काच आहे, जपून घ्या. हे आमचे आईबाबा. नवीन लग्न झालेले. बाबांना तेव्हा केस होते! आणि मागे हा डोंगर. तीन शिखरं, बर्फ, वर एक ढग, आणि इथे उजव्या कोपऱ्यातून वळत वळत जाणारी ही पायवाट, दिसली? आमच्या घरी हा माझ्या पलंगाच्या वरच असतो. लहानपणापासून रोज रात्री मी या वाटेने जाते. खरंच सांगते! डोळे मिटायचे, आईच्या पदराला वळसा घालायचा, तो दगड ओलांडायचा आणि वाटेला लागायचं. चौकटीच्या पलीकडे ती वाट कुठे जाते ते मी ठरवून टाकलं होतं. पलीकडे एक घर, निळ्या दाराचं, त्यात चूल पेटलेली, आणि तिथे कुणी कुणाला ‘मोठ्याने बोल, मोठ्याने’ म्हणत नाही.

आणि या फोटोची गोष्ट! ती बाबांनीच सांगावी. आले की सुरूच, पाहुणा असो, दूधवाला असो, मीटर बघायला आलेला माणूस असो. ‘बस बिघडली घाटात! ड्रायव्हर म्हणाला, उतरा. आम्ही दोघं चालत निघालो. वाटेत काय दिसावं? अस्वलाची पावलं! ताजी! ही म्हणाली, परत फिरू. मी म्हटलं, मी आहे ना! वर पोचलो तर एका म्हातारीने घोंगडी दिली पांघरायला. आणि थंडी? थंडी तर विचारूच नका!’ इथे बाबा दोन्ही हात चोळतात. उन्हाळ्यात, पंखा चालू असताना, घाम पुसत हात चोळतात! आणि आई? आई आपली भाजी निवडत असते. मान खाली. एकदासुद्धा ‘हो, हो’ म्हणत नाही, ‘छे’ही म्हणत नाही.

आता आमचे बाबा काय काम करतात माहितीये? वजनकाटे दुरुस्त करतात. तराजू हो, दुकानातले! काटा केसभर जरी इकडचा तिकडे झाला तरी दुकानदाराला म्हणतात, ‘बंद ठेवा हा, लोकांना फसवायचं नाही.’ घरीसुद्धा तसंच. मी म्हटलं ‘थोडं डोकं दुखतंय’ की विचारणार, ‘थोडं म्हणजे किती?’ असा माणूस! त्यांच्या शब्दावर कोण शंका घेईल? आम्ही तर नाहीच घेतली. आमचा दादा लहान असताना त्याला शाळेत सांगितलं होतं, आवडता फोटो आणा आणि त्याची गोष्ट सांगा. त्याने हाच नेला. बर्फ, अस्वल, घोंगडी, सगळं सांगितलं. वर्गात टाळ्या! बाईंनी शेजारच्या वर्गात पाठवलं, तिथे पुन्हा सांग म्हणून. तेव्हापासून दादाचं ठरलेलंच, मोठा झालो की आईबाबांना त्याच जागी न्यायचं, तसंच उभं करायचं आणि तस्साच फोटो काढायचा.

आणि मग एक दिवस काच तडकली. चेंडू माझा नव्हता, शेजारच्यांचा होता, ते जाऊ दे. मी फोटो चौकटीतून काढला. तुम्हाला सांगते, चौकट काय काय झाकते, तुम्हाला कल्पना नाही! माझ्या डोळ्यांना एक वाईट खोड आहे, नको ते नेमकं दिसतं. आधी आकाशात एक घडी दिसली. आकाशाला घडी? चादरीला असते तशी, सरळ रेघ! मग बर्फाच्या खाली फरशी दिसली. मग मी माझ्या वाटेकडे बघितलं. इतकी वर्षं मी जिच्यावरून चालत होते ती वाट… चौकटीच्या मागे लपलेल्या कडेपर्यंत वळत वळत गेली होती आणि तिथे काय असावं? निळं दार? स्विचबोर्ड! दोन बटणं आणि एक प्लग! माझं घर होतं हो तिथे!

मी तशीच फोटो घेऊन आईकडे गेले. ती शिलाई मशीनवर बसली होती, शाळेच्या गणवेशांना खिसे लावत होती. तिने बघितलं, धागा दातांनी तोडला आणि म्हणाली, ‘दिसलं का तुला? वाटलंच होतं, दिसलं तर तुलाच दिसेल.’

मग सांगितलं तिने. लग्नानंतर डोंगर बघायला जायचं ठरलेलं, पिशव्या भरलेल्या, आणि ऐन वेळी बाजारातल्या सगळ्या काट्यांची तपासणी निघाली. बाबांच्या मालकाने रजा दिली नाही. बाबा इतके हिरमुसले, जेवेनात. मग संध्याकाळी आईला म्हणाले, चल, आणि कोपऱ्यावरच्या स्टुडिओत घेऊन गेले. फोटोवाल्याने विचारलं, ‘समुद्र देऊ की डोंगर?’ बाबांनी आईकडे बघितलं. आई म्हणाली, ‘डोंगर.’ त्याने दोरी ओढली, वरून डोंगर खाली आला!

आई म्हणाली, ‘मी तिथे उभी राहिले, डोळे मिटले, आणि तुला सांगते, खरंच वारा लागला गं अंगाला. गार. मला वाटलं, आलो आपण. डोळे उघडले तर फोटोवाल्याने टेबलफॅन लावला होता, केस उडावेत म्हणून.’ आणि हसली. मशीनचं चाक नुसतंच फिरवत बसली, खाली कापड नव्हतं तरी.

मी म्हटलं, मग बाबा खोटं का सांगतात? तर म्हणाली, ‘ते मला कुठे सांगतात? दादाने शाळेत न्यायचा म्हणून विचारलं, हे कुठलं? त्याचं तोंड इतकं आशेने वर झालेलं, यांच्या तोंडून निघून गेलं, डोंगरावरचं! मग पोरगं विचारत गेलं, हे सांगत गेले. आता त्याला कळलं तर काय वाटेल? आणि यांनी तोंड कुठे लपवायचं? तू दादाला सांगू नकोस.’ मी शब्द दिला, नवी काच बसवून फोटो पुन्हा चौकटीत घातला. अस्वल बिचारं नव्हतंच! म्हातारी नव्हती, घोंगडी नव्हती, आणि थंडी? थंडी तर विचारूच नका!

कोण हसलं? मागून कुणीतरी हसलं… असू दे, हसा हो, पण हळू. आईबाबा तिकडे कठड्याच्या टोकाला बाकावर बसलेत. दादा चहा आणायला गेलाय म्हणून तर बोलतेय.

तर गेल्या महिन्यात दादा नोकरीला लागला. लिफ्ट दुरुस्त करतो तो. पहिला पगार झाला आणि घरात येऊन उभा, ‘बाबा, चला! जायचं! जागेचं नाव सांगा!’ बाबांचा घास हातातच. ‘अरे… नाव आता बदललं असेल.’ ‘जुनं सांगा.’ ‘जुनं… त्याच्याही आधी बदललं होतं.’ दादाने फोनवर नकाशा उघडला, ‘बोट तरी ठेवा!’ बाबा चष्मा शोधायला लागले. चष्मा नाकावर! मला वाटलं, संपलं सगळं. आणि एवढ्यात आई पदराला हात पुसत आली, वाकली, आणि नकाशावर बोट ठेवलं. ‘हे.’

बाबा तिच्याकडे बघतच राहिले! मग घसा साफ करून म्हणाले, ‘हं. हेच. अगदी हेच.’

नंतर मी आईला कानात विचारलं, हेच का? तर म्हणाली, ‘याचं नाव सगळ्यात बारीक अक्षरात होतं. म्हटलं, इथे फार कुणी गेलं नसेल. यांना खोटं पाडायला कुणी भेटणार नाही.’ आणि इथे बघते तर तुम्ही एवढे सगळे!

काल आलो तर लॉजवाला म्हणाला, ‘साहेब, हा रस्ता आत्ताच झाला. आधी इथे बस यायचीच नाही.’ दादा वळला, ‘बाबा? मग बस कुठे बिघडली?’ बाबा म्हणाले, ‘रस्ता नव्हता म्हणूनच तर बिघडली!’ पण रात्रभर त्यांना झोप नाही. या कुशीवरून त्या कुशीवर. पहाटे मला एकटीला गाठून म्हणाले, ‘अगं, फोटोत तीन शिखरं आहेत ना? इथे किती आहेत गं?’ मी म्हटलं, मला काय माहीत बाबा, तुम्हीच येऊन गेलाय! एवढंसं तोंड झालं त्यांचं! मग खिडकीशी गेले, बाहेर हे असं धुकं, आणि तुम्हाला सांगते, माणूस धुकं बघून इतका खूष झालेला मी पहिल्यांदा बघितला.

आईचं उलटं. आईने रात्रीच साडी काढून ठेवली, जवळजवळ फोटोतल्या रंगाची. आणि आल्यापासून बाकावर बसून सारखी समोर बघतेय, जिथे काहीच नाही तिथे. मला म्हणाली, ‘निदान एकदा दिसला पाहिजे गं.’ आता सांगा, मी काय मागू? धुकं गेलं तर बाबा उघडे पडतात, दादाचं लहानपणापासूनचं सगळं खोटं होतं. नाही गेलं तर आई परत जाते, दुसऱ्यांदा, डोंगर न बघता. मी मघापासून दोन्ही मागतेय… देवालाही कळत नसेल, या मुलीला नक्की काय हवंय!

अगंबाई… मावशी, तुमची टोपी दिसायला लागली. लालच आहे. काका, तुम्हीसुद्धा दिसताय… विरळ होतंय हो धुकं… इतके जवळ उभे होतात तुम्ही? आणि तुमच्यामागे ते कोण, हातात दोन चहाचे कप घेऊन…

दादा.

तू… तू कधीपासून उभा आहेस?

‘टेबलफॅनपासून.’

ऐकलंत? टेबलफॅनपासून म्हणतोय! दादा, ऐक ना, मी मुद्दाम नाही… हे लोक विचारत होते… बोल ना काहीतरी. शिव्या दे. चहा सांडतोय तुझा. फोटो मागतोय. द्या, मावशी, द्या त्याला. बघतोय. तो ढग बघतोय, अंगठा फिरवतोय त्या घडीवरून… डोळे का पुसतोय हा? हसतोय की काय करतोय? कानाशी आला… काय? ‘घुमे, मला कळलंय हे आईला सांगायचं नाही. बाबांना तर अजिबात नाही.’ आणि हे कप माझ्या हातात, आणि निघाला तिकडे! मेले मी…

आणि बघा! बघा, बघा, वर बघा! बापरे… इतका वर असतो? मी समोर बघत होते, तो तर मान मोडेपर्यंत वर आहे! सगळा एकदम… आणि एकच शिखर. एकच आहे हो! आई उभी राहिली. कठडा धरलाय तिने. वाऱ्याने केस उडताहेत आणि ती डोळे मिटत नाहीये, बघा, अजिबात मिटत नाहीये… आणि बाबा? बाबा गप्प! तोंड उघडं आणि शब्द नाही! पाहुण्याला, दूधवाल्याला, मीटरवाल्याला सांगणारे आमचे बाबा!

दादा त्यांच्यापाशी पोचला. श्श, ऐका… ‘बाबा, सापडली हो जागा! हीच ना?’ बाबा नुसते बघताहेत. बोला ना बाबा!… आई बोलतेय, आई! ‘हीच रे. तेव्हा जरा लहान होता डोंगर.’

आणि दादा काय म्हणतोय? ‘असणारच. वाढतात ना डोंगर.’

झालं! आता हेही पुढची कित्येक वर्षं ऐकायचं. म्हणजे बघा, दादाला कळलंय हे आईला सांगायचं नाही, मला कळलंय हे बाबांना सांगायचं नाही, बाबांनी पहाटे मला शिखरं किती ते विचारलं हे आईला आणि दादाला दोघांनाही सांगायचं नाही… सगळ्यांचं सगळं पोटात ठेवायला घरात सापडले कोण, तर मी! आणि का? तर म्हणे, ‘ही बरी, ही कुणाशी बोलतच नाही!’ आता तुम्हीच सांगा, मी जर खरंच कधी तोंड उघडलं ना, तर…

‘ए घुमे! ये लवकर, ढग येतोय परत!’

आले, आले दादा!… हे कप धरा हो जरा, काका. तर मी काय म्हणत होते, मी जर तोंड उघडलं ना, तर आमच्या घरातला एकसुद्धा… आले रे दादा, आले!