चौदावा कागद

स्तोयना : सोड माझा हात! फाडणारच मी. तुझ्या आजोबांच्या कागदावर कुणा मेल्यानं पेनानं खरडलंय, आणि तू मलाच अडवतेस?

नेवेना : आजी, हळू. थांब्यावर माणसं आहेत.

स्तोयना : असू देत. माझा गांचो जाऊन सहा महिने झाले म्हणून रीतीप्रमाणे त्याच्या स्मरणाचा कागद चांगला फोटो घालून छापून घेतला, गावभर चिकटवला. त्याच्यावर रेघोट्या?

नेवेना : रेघोट्या नाहीत. नाव आहे.

स्तोयना : कुणाचं?

नेवेना : दोब्रिंकाआत्याचं. आपली सगळ्या घरच्यांची नावं छापलीत ना, त्यांच्याखाली तिनं स्वतःच्या हातानं लिहिलंय, "मुलगी दोब्रिंका".

स्तोयना : कधी आली होती?

नेवेना : रविवारी. बेकरीतून पाहिलं मी. चर्चची भिंत, खांब, दुकानं, सगळीकडे लिहीत गेली. तेरा कागदांवर. मग परतीची बस धरली.

स्तोयना : म्हणजे चार दिवस गाव वाचतंय. आणि तू तोंडात मिठाची गुळणी धरून!

नेवेना : छापखान्यात यादी घेऊन मीच गेले होते, आजी. तू म्हणालीस, तुर्काशी लग्न करून त्याच्या घरात गेली ती माझी कुणी नाही, तिला गाळ. मी गाळलं. आता कुठल्या तोंडानं सांगणार होते?

स्तोयना : थांब, थांब. परवा बेकरीवाली वेलिका माझा हात धरून म्हणाली, "मोठं मन केलंस गं, स्तोयना." मला वाटलं, आपण गांचोच्या नावानं गहू शिजवून वाटले, त्याबद्दल बोलतेय. ठाऊक आहे, मी काय म्हणाले?

नेवेना : काय?

स्तोयना : "आमच्या घरची रीतच आहे ती." मान ताठ करून! शेंबडं पोरसुद्धा वाचतं या गावात, एक मीच राहिले. सहीपुरती अक्षरं येतात, तीही कुणी शिकवली? तिनंच. दुसरीत होती. तंबाखूची पानं ओवता ओवता गिरवून घ्यायची माझ्याकडून.

नेवेना : चल घरी.

स्तोयना : तेरा म्हणालीस ना? आपण चौदा लावले होते.

नेवेना : चौदावा आपल्या फाटकावर आहे. त्याच्यावर नाही लिहिलं तिनं.

स्तोयना : का? पेन संपलं बाईसाहेबांचं?

नेवेना : या फाटकाला हात लावायचा नाही, असं तूच बजावलं होतंस तिला. एकोणीस वर्षं झाली.

(थोड्या वेळानं, घराच्या फाटकापाशी.)

स्तोयना : पेन दे इकडे. तू नाही लिहायचं. तू नुसतं तळहातावर काढून दाखव.

नेवेना : हे पहिलं, दोब्रिंकाचा 'द'. घरासारखं काढ, आणि खाली दोन पाय.

स्तोयना : घर कसलं, खुराडं झालंय. पुढे?

नेवेना : मग 'ओ'. नुसता गोल.

स्तोयना : हे येतं. माझ्या नावातही आहे.

नेवेना : आजी, ढोल वाजतोय. आज अक्षरांचा सण ना. शाळेची पोरं फुलांनी मढवलेली अक्षरं उंच धरून इथूनच जातील. मागे सगळं गाव असेल. ते जाऊ देत, मग लिही.

स्तोयना : येऊ देत. पुढचं दाखव.