करडईकाकूचं 'गेलो'

...हसा, खुशाल हसा! तुमचं काय जातंय हसायला? 'गेले'च्या जागी 'गेलो' पडलं, एवढंच झालं व्हतं. पण तेवढ्यापायी माझी बायको बॅग भरून ईटच्या एसटीत बसती का काय, अशी पाळी आली व्हती! ईट म्हंजी तिचं माहेर. आन् ह्या सगळ्याच्या मुळाशी कोण? माझा साडू! तुमाला सांगतो, ब्लॉग म्हंजी गेमच हाय, तलवार तेवढी न्हाय.

थांबा, पहिल्यापासनं सांगतो, न्हायतर म्हणसाल ह्याला ऊन लागलंय. मी राजशेखर. येरमाळ्यात हायवेला लागून माझं दुकान, पाण्याच्या जळक्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं. दिवसभर तांब्याची तार आन् ग्रीस. पण मला लिहायची लई खाज! म्हणून ब्लॉग काढला, 'राजशेखरचे विचार'. कोण वाचतंय? एकच कमेंट यायची, तीबी साडूची... 'छान'. उन्हाळ्यावर लिहिलं, 'छान'. शेजारचे आप्पा वारले, रडत रडत लिहिलं, तरी खाली 'छान'! आता आप्पा वारले त्यात छान काय हो?

हा साडू म्हंजी कृष्णराज, तामलवाडीचा. द्राक्षाची बाग हाय, मिशा हायेत, समोर आला तर माणूस जरा दबकून बोलतो. पण बागेतलं काम उरकलं की हा मोबाईलवर ऑनलाइन गेम खेळतो आन् त्या गेममधी ह्याचं नाव काय असावं? 'राणी अग्निशिखा'! लांब केस, हातात जादूची काठी, पायात पैंजण! म्या म्हनलं, "अवो, लाज?" तर म्हणतो कसा, "साडूभाऊ, सोताच्या नावानं कोण उतरतं व्हय तिथं? अवतार घ्यावा लागतो अवतार! कृष्णराज म्हणून खेळलो तर कुणी वळून बघंना. राणी झालो तर पोरं ढाली काय, घोडे काय, हातात आणून देत्यात! लेव्हल वाढती, आपली टोळी जमती. तुमचं लिहिणं वाईट न्हाय, तुमचा अवतार वाईट हाय." आन् जाता जाता वर आणि, "टोळीत एक वैद्यीण मातर ठेवा. ती लढत न्हाय, मागं उभी ऱ्हाती, आपण मरायला टेकलो की औषध फेकती." म्या म्हनलं, मला काय करायची वैद्यीण, मी काय मरतोय?

झालं! जन्माला आली आमची 'करडईकाकू'. वय साठीच्या पुढं, जीभ तिखट, करडईची भाजी सांगता सांगता संसाराचं सांगणारी. काय सांगू तुमाला... बाया तुटून पडल्या! "काकू, सासू बोलती", "काकू, पोरगं जेवंना", "काकू, तुमी माझ्या आईवाणी हाव!" मोटार भरणाऱ्या माणसाला आईवाणी! रोज वाचणाऱ्या बाया म्हंजी आपली टोळी, वाकडं बोलणारा कुणी आला की तो राक्षस, सगळ्या मिळून त्याला झोडपणार. गेमच की हो हा! तलवार तेवढी न्हाय!

आता तुमी म्हणसाल, बाईमाणसासारखं लिहिलं कसं? तीच तर गोम! हाताला सदा ग्रीस, म्हणून मी लिहीत न्हाय, मोबाईलला बोलतो, तो टाइप करतो. आन् भर दुकानात, गिऱ्हाईकासमोर, "मी गेले, मी बसले" असं ह्या तोंडातनं निघंल का? जीभच उचलंना! मग म्या शक्कल काढली. काकूनं सगळं केलं, पण असं की बाई का बाप्या ते कळूच नये. म्या भाजी निवडली, म्या भाकरी थापली, म्या सुनेला सांगितलं... 'म्या' म्हनलं की सुटलो! फकस्त काकू कवा कुठं गेली न्हाय, आली न्हाय, बसली न्हाय, दमलीसुदिक न्हाय!

आन् घरात काय? आमच्या मालकीणबाई, दीपमाला, करडईकाकूच्या भक्त! शेजारणीला सांगती, "काकूसारखी बाई न्हाय बघा. आमच्यात हे हायेत, घरात असून नसल्यावाणी." मी हितंच बसलेलो हो! त्यात ब्लॉगवर एक 'अबोली' नावाची बाई यायला लागली. लिहायची, "काकू, माझा नवरा जेवताना मोबाईलमधनं मान वर काढत न्हाय." काकूला आला राग! काकूनं फर्मान काढलं, "बये, असल्या माणसाच्या ताटात भाकरी वाढू नगंस, मोबाईलच वाढ!" दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो, तर ताटात माझाच मोबाईल, बाजूला चिमूटभर मीठ! दीपमाला म्हणती, "काकूनं सांगितलंय." मला तवा काय वाटावं? बाप रे, ही लई मनावर घेती काकूचं! ही काकू म्हंजी मीच, हे हिला कळलं तर? आपली चेष्टा केली म्हणंल, ईट गाठंल, आन् मला तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाय. पुढं रोज ही धास्ती घेऊनच दुकान उघडायचो.

आन् मंग तो दिवस उगवला. मी दुकानात बसून काकूचं बोलतोय... "बायांनो, येडाईला नैवेद्य म्या केला..." तेवढ्यात आमचं नेहमीचं गिऱ्हाईक वीरप्पा आला, खांद्यावर जळकी मोटार! "काय रे, काल दुकान बंद? कुठं उलथला व्हतास?" म्या आपलं सरळ उत्तर दिलं, "काल येडाईच्या डोंगरावर गेलो, पायऱ्या चढून दमलो, येऊन पडलो!" फोन ऐकतच व्हता हो! वीरप्पाच्या नादात न वाचता बटन दाबलं, आन् गेलं सगळं ब्लॉगवर. करडईकाकू गेलो, करडईकाकू दमलो, करडईकाकू पडलो!

वीरप्पाची मोटार उघडून बघतोय, तर फोन टुणटुण, टुणटुण! 'खराबोला' म्हणून एक राक्षस पहिल्यापासनं टपलेला, त्यानं लिहिलं, "काकू, गेलो? मिशा फुटल्या का काय?" मग सगळ्यांची तोंडं सुटली. "काकू बाप्या हाय व्हय?" "आमी काय काय सांगून बसलो गं बाई!" साडूला फोन लावला तर म्हणतो, "साडूभाऊ, गेम ओव्हर!"... असा नातेवाईक कुणाला देऊ नये देवानं!

एवढ्यात... अबोली आली! लिहिती कशी, "त्यात काय झालं? कोल्हापूरकडच्या बाया 'मी गेलो, मी आलो' असंच बोलत्यात. काकूचं माहेर तिकडचं हाय. माहेरची आठवण आली की जीभ वळती, व्हय ना काकू?"

अहाहाहा! खरंच की हो! बोलत्यात की तिकडच्या बाया! म्या ताबडतोब ठोकून दिलं, "व्हय गं माझे बाई!" बाया लगेच विरघळल्या, "अगं बाई, काकूला माहेर आठवलं!" कोल्हापूरची एक तर म्हणली, "काकू, आमच्याकडं यावा, मी रस्सा करतो!" खराबोला पळाला. मरायला टेकलो व्हतो, कुणीतरी मागनं औषध फेकलं!

दुपारी हरखून घरी जेवायला गेलो. दीपमालानं ताट वाढलं, ह्या बारीला भाकरी व्हती, आन् भाजी करडईची. म्हणली, "काय वो, काकूचं माहेर कोल्हापूर? मागं तर तुमी ईट लिवलं व्हतं."

'तुमी'! तुमी म्हणली ती! हातातली भाकरी म्या परत ताटात ठेवली.

"अवो, काकू सांगती ती भाजीत कूट घालायची रीत माझी, रुसून बसणारी सून माझ्या चुलतीची, आन् तुमची काकू कवा दोन घटका बसलीच न्हाय, तवाच वळखलं म्या! घरात बोलायला गेलं तर 'हूं' म्हणता. म्हनलं, काकूला सांगावं, काकू तर ऐकती."

मी म्हनलं, "म्हंजी अबोली..."

"मग? कोल्हापूर म्या लावून दिलं न्हवं तुमाला!"

काय सांगू, असं वाटलं की वीरप्पाची मोटार इतके दिवस माझ्याच छातीवर ठेवली व्हती, ती कुणीतरी उतरवून घेतली. बॅग न्हाय, एसटी न्हाय, ईट न्हाय! मी हसायला लागलो, ती हसायला लागली, भाकरी गार झाली. मी म्हनलं, बंद करतो काकू. तर डोळे वटारून म्हणती, "खबरदार! मग मी कुणाशी बोलू?"

म्हणून आता चालूच हाय. फकस्त गेममधी कसं, वरनं हुकूम सुटतो, अमकं आणा, तमकं आणा, तवा पुढची लेव्हल... तसंच हाय. काल भर दुकानात फोन टुणकन वाजला. अबोली लिहिती, "काकू, तुमच्या मालकांना सांगा, चक्कीवर दळण पडलंय." खाली सगळ्या बाया, "सांगा काकू, सांगा!" समोर वीरप्पा, हाताला ग्रीस... काय करता? घेतला फोन तोंडाशी आन् वीरप्पाच्या देखत म्हनलं,

"आणते गं बाई, आणते!"